वजनांचा व्यायाम नव्याने सुरू करताना प्रशिक्षक घ्यावा की स्वतःच शिकावे?

गोदाकाठ :

नमस्कार. मी 52 वर्षांची आहे, नाशिकला राहते आणि बँकेत नोकरी करते. पाळी थांबून तीन वर्षे झाली. गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तिची शस्त्रक्रिया आणि नंतरचे सहा महिने मी जवळून पाहिले, म्हणून यंदा स्वतःची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतली. कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त आहे हे सांगणारा आकडा, उणे 1.9 आला. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले की हा ऑस्टिओपोरोसिस (हाडे विरळ होऊन ठिसूळ होण्याचा आजार) नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे आणि आताच लक्ष दिले तर पुष्कळ काही करता येईल. त्यांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिले आणि वजने उचलायला लागा, असे सांगितले.

मी दहा वर्षे रोज पाऊण तास चालते आणि सकाळी बारा सूर्यनमस्कार घालते, त्यामुळे व्यायामाची सवय मला आहे. वजनांना मात्र कधी हात लावलेला नाही. घराजवळच्या जिममध्ये वर्षाच्या वर्गणीशिवाय वैयक्तिक प्रशिक्षकाचे महिन्याला सहा हजार रुपये सांगितले. यजमानांचे म्हणणे असे की तीन महिन्यांच्या अठरा हजारांत आयुष्यभर पुरतील एवढी डंबेल्स घरी येतील, आणि मुलगा म्हणतो की सगळे व्यायाम यूट्यूबवर उत्तम दाखवलेले आहेत. दोघांचे ऐकून मी घरी प्रयत्नही केला. पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन घेतले आणि व्हिडिओतल्या बाई करतात त्याप्रमाणे ते जमिनीवरून दहा वेळा उचलले, असे तीनदा केले. दुसऱ्या दिवसापासून कंबर अशी धरली की चार दिवस खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागला. कॅन उचलताना मात्र मला मनापासून वाटत होते की मी अगदी त्यांच्यासारखेच करते आहे.

म्हणून विचारते : जाणकार माणूस समोर उभा राहून नेमके असे काय देतो, जे पाहून किंवा वाचून मिळत नाही? आणि ते खरोखर मोलाचे असेल तर किती काळ घ्यावे? माझ्या वयाच्या, हाडे विरळ झालेल्या कोणी हे केले असेल तर त्यांचा अनुभव मला विशेष हवा आहे.


पहाटफेरी :

ताई, माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. प्रशिक्षकाशिवाय सुरुवातच करू नका असे सांगितले की पैसे नसलेली किंवा जिममध्ये जायला संकोचणारी माणसे कधीच सुरुवात करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, आणि त्यासाठी जिम लागतेच असे नाही. खुर्चीवर हळूहळू बसून हात न टेकता उठणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पायरीवर चढणे-उतरणे, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताठ चालणे, एवढ्यावर मी चार वर्षांपूर्वी सुरुवात केली आणि मला कोणी शिकवायला नव्हते. पुढे डंबेल्स घेतली. मला आजवर कोणतीही इजा झालेली नाही.

मात्र तेव्हा माझे वय 34 होते आणि हाडांची कोणतीही तक्रार नव्हती. आपली परिस्थिती तशी नाही, त्यामुळे माझा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असा माझा दावा नाही.


फिजिओ_ठाणे :

गोदाकाठ ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि व्यायाम शिकवणे हा माझ्या उपजीविकेचा भाग आहे, हे आधीच सांगते, म्हणजे माझे मत आपल्याला त्या हिशेबाने तोलता येईल. वर पहाटफेरी यांनी सांगितलेले व्यायाम बहुतेकांना निर्धोक आहेत आणि ते आपण आजपासून करू शकता. जमिनीवरून वजन उचलणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि आपली कंबर का धरली याचे उत्तरही बहुधा तिथेच आहे.

दोन कॅन मिळून दहा किलो झाले. बँकेतून घरी येताना भाजीच्या पिशव्यांचे ओझे कधीकधी तेवढे होते. त्यामुळे ओझे फार होते असे मला वाटत नाही. आपण वाकलात कुठून, हा प्रश्न आहे. केर काढताना, बादली उचलताना, देवघरासमोर वाकताना आपण पाठीची कमान करून वाकतो. वजन उचलताना पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचे असते, म्हणजे बसायला जागा शोधावी तसे नितंब मागे न्यायचे, गुडघे किंचित सैल ठेवायचे आणि वजन पायांना जवळजवळ घासत वर आणायचे. वाचायला हे सोपे आहे. पण आपली पाठ आपल्याला दिसत नाही, आणि वर्षानुवर्षे वाकून वाकून कमान झालेली पाठच शरीराला सरळ वाटू लागते. व्हिडिओतल्या बाईंसारखेच करते आहे असे आपल्याला जे वाटले, ते या कारणाने. व्हिडिओ आपल्याला त्या बाईंची पाठ दाखवतो. आपली पाठ पाहणारे तिथे कोणी नव्हते.

माझ्याकडे नव्याने येणाऱ्यांच्या हातात मी पहिल्या दिवशी वजन देत नाही. एक काठी त्यांच्या पाठीवर उभी धरते, अशी की ती डोक्याच्या मागे, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर अशा तीन ठिकाणी टेकेल, आणि तिन्ही ठिकाणे न सोडता वाकायला सांगते. बहुतेकांची काठी निम्म्यातच सुटते, आणि ती सुटली की त्यांना पहिल्यांदा कळते की आपण कुठून वाकतो. काही जण दोन दिवसांत शिकतात, काहींना तीन आठवडे लागतात. ज्यांच्या मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात त्यांच्यासाठी वजन जमिनीवर न ठेवता गुडघ्याइतक्या उंच ठोकळ्यावर ठेवावे लागते. कोणाला ठोकळा द्यायचा आणि कोणाचा कधी काढायचा, हे समोरच्याकडे पाहूनच ठरते.

ओझ्याचेही तसेच आहे. वजनउचल स्पर्धेतला स्त्रियांचा रिकामा बार, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेटा लावायचा लोखंडी दांडा, 15 किलोचा आणि पुरुषांचा 20 किलोचा असतो. 50 किलो वजनाच्या नवख्या बाईला 20 किलोचा बार जमिनीवरून उचलायला कदाचित काहीच वाटणार नाही, पण तोच बार डोक्यावर ढकलायला तिला कदाचित एकदाही जमणार नाही. म्हणजे एकाच दिवशी, एकाच बाईसाठी, एका व्यायामाला ते ओझे अपुरे आणि दुसऱ्याला अतिशय जास्त ठरते. सेट, म्हणजे न थांबता सलग केलेली एक फेरी, संपल्यावर आणखी दोन-तीन वेळा नीट करता आले असते असे वाटले, तर नवख्यासाठी वजन योग्य आहे असे आम्ही मानतो. पण नवख्या माणसाला हा अंदाज येत नाही. तो एकतर फार लवकर थांबतो किंवा श्वास कोंडून, चेहरा लाल होईपर्यंत ढकलत राहतो. असा श्वास कोंडल्याने रक्तदाब त्या क्षणापुरता बराच चढतो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांच्या बाबतीत मी याकडे सर्वांत आधी लक्ष देते.

आता आपल्या विशेष परिस्थितीविषयी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेली, लिफ्टमोर या नावाने ओळखली जाणारी चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. हाडांची घनता कमी असलेल्या आणि पाळी थांबलेल्या 101 स्त्रिया तिच्यात होत्या, आणि त्यांचे सरासरी वय 65 होते. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे), स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठक) आणि डोक्यावर बार ढकलण्याचा व्यायाम केला. वजने जड होती : एका वेळी जास्तीत जास्त जेवढे उचलता येईल त्याच्या 80 ते 85 टक्क्यांहून अधिक, पाच वेळा, असे पाच सेट, शिवाय उडी मारून पायांवर उतरण्याचा एक व्यायाम. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनंतर पहिल्या गटाची कमरेच्या मणक्यांतील घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली होती, तर दुसऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली होती. जड वजने उचलणाऱ्या गटात इजा म्हणाल तर कमरेला हलका चमक भरल्याचा एकच प्रसंग नोंदला गेला.

हे आकडे वाचून काही जणी माझ्याकडे येतात आणि थेट जड वजन मागतात, म्हणून त्या चाचणीतल्या दोन गोष्टी मी आग्रहाने सांगते. पहिला महिना त्या स्त्रियांना हलक्या वजनावर किंवा वजनाशिवाय केवळ हालचाल शिकवण्यात गेला होता, आणि पुढचे सगळे महिने प्रत्येक सत्राला जाणकार माणूस समोर उभा होता. त्या 2.9 टक्क्यांमधून ही देखरेख वगळून उरलेला कार्यक्रम घरी करता येईल, असे त्या चाचणीतून सिद्ध होत नाही.

देखरेख म्हणजे सतत लगाम खेचणे असा समज असतो, तोही पुरता खरा नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वजने उचलण्याचा थोडाफार सराव असलेल्या पुरुषांच्या दोन गटांना बारा आठवडे एकसारखाच कार्यक्रम देण्यात आला. एका गटाजवळ प्रशिक्षक होता, दुसरा आपापला करत होता. प्रशिक्षकाजवळच्या गटाने वजने अधिक वेगाने वाढवली आणि त्यांची ताकदही जास्त वाढली. एकटा माणूस पुष्कळदा गरजेपेक्षा हलके उचलत राहतो, आणि हाडांना ताण हवा असेल तर त्याचा उपयोग होत नाही.


लालमाती :

मी कोल्हापूरकडचा. लहानपणी सहा वर्षे तालमीत होतो. फिजिओताईंनी काठीचे जे सांगितले ते वाचताना आमचे वस्ताद डोळ्यांसमोर आले, कारण ते हौद्याच्या काठावर बसून नव्या पोराकडे असेच पाहत. पहिले काही आठवडे आम्हाला माती उकरणे आणि मोजके जोर-बैठका यापलीकडे काही मिळत नसे. शेजारचा पठ्ठा पाचशे बैठका मारतो म्हणून आपणही माराव्या असे वाटले तरी ते उठवून बसवत. कोणाच्या टाचा बैठकीत कशा पडतात, जोर काढताना कोणाचा खांदा आत जातो, हे त्यांच्या ध्यानात राहत असे. तेव्हा त्याची किंमत कळली नाही.

41 व्या वर्षी, पोट सुटल्यावर, मी एका जिममध्ये नाव घातले. मला सगळे येते असे समजून प्रशिक्षक घेतला नाही आणि तिथेही कोणी काही विचारले नाही. पहिल्या सहा आठवड्यांत ताकद झपाट्याने परतली. मी दर आठवड्याला बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणे पडून बार वर ढकलण्याच्या व्यायामात, प्लेट वाढवत गेलो, आणि सातव्या आठवड्यात खांद्यात असे काही झाले की पुढचे पाच महिने सदऱ्याची बाही चढवताना दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मोठ्या प्रमाणात मेंदू आणि नसा स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्याने येते. स्नायू त्यामागून भरतो, आणि स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा सर्वांत सावकाश तयार होतो. मला वाटले होते की मी पूर्वीसारखा झालो. माझे कंडरे 41 वर्षांचे होते आणि त्यांना वीस वर्षांत काही काम पडलेले नव्हते.

गोदाकाठ ताई, हा भाग माणसाला आतून जाणवत नाही, म्हणूनच मी हे लिहितो आहे. त्या सहा आठवड्यांत मला कसलीही वेदना नव्हती. तेव्हा कोणी जाणकार शेजारी असता तर त्याने एवढेच सांगितले असते की या आठवड्यात प्लेट वाढवू नका, आणि माझे पाच महिने वाचले असते.


निळीशाई :

मी 58 वर्षांची आहे आणि माझा टी-स्कोअर पाच वर्षांपूर्वी उणे 2.3 होता, म्हणून आपल्या शेवटच्या वाक्याला मी उत्तर देते. मी दोन प्रशिक्षक पाहिले आणि त्या दोघांत इतके अंतर होते की 'प्रशिक्षक घ्यावा का' यापेक्षा 'कोणता घ्यावा' हा प्रश्न मला मोठा वाटतो. आपल्याकडे डॉक्टरांना जशी नोंदणी सक्तीची असते तशी जिममधल्या प्रशिक्षकाला नसते. प्रमाणपत्रे पुष्कळ आहेत : कोणी पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकलेले असते, कोणी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली असते, आणि कोणी एका आठवडाअखेरीच्या शिबिरावर उभे असते. त्यामुळे विचारणे आपल्याकडेच येते.

पहिल्या प्रशिक्षकाने मला पहिल्या दिवशी वजनकाट्यावर उभे केले आणि 'दहा किलो कमी करू' असे सांगितले. मी हाडांचा अहवाल पुढे केला, तो त्याने उघडला नाही. मला, माझ्या शेजारच्या पंचविशीतल्या मुलीला आणि एका निवृत्त गृहस्थांना तो एकाच क्रमाने तेच व्यायाम देत असे, आणि त्यांत रोज पोटासाठी उताणे झोपून उठण्याचे तीस-तीस सिट-अप होते. दुसऱ्या महिन्यात त्याने प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणून ठेवला. मी ती जिम सोडली. पुढे माझ्या डॉक्टरांनी सांगितले की विरळ झालेल्या मणक्यांवर ओझे असताना पाठ वारंवार पुढे गोल करणे हे नेमके टाळायचे असते. ते ऐकल्यावर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या बाई मला एका ओळखीतून मिळाल्या. त्यांनी पहिला पाऊण तास केवळ प्रश्न विचारले : पूर्वी कुठले हाड मोडले का, उंची कमी झाली का, रक्तदाब, थायरॉइड, कुठली औषधे, चक्कर येते का, रात्री किती वेळा उठावे लागते. मग मला खुर्चीतून उठायला, एका पायावर उभे राहायला आणि जमिनीवर बसून परत उठायला लावले. एका वहीत सगळे लिहिले. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक दिवसाचे वजन, किती वेळा उचलले, आणि शेजारी माझे 'सोपे', 'बरे', 'जड' असे शब्द आहेत. पहिली नोंद दोन किलोच्या डंबेल्सची आहे. चौदाव्या महिन्यात मी 40 किलोचा डेडलिफ्ट केला.

त्यांना मी तीन महिने आठवड्यातून दोनदा पैसे दिले, पुढचे तीन महिने आठवड्यातून एकदा, आणि त्यानंतर महिन्यातून एकदा. त्यांनीच तसे सुचवले. आता मी एकटी करते आणि बाजूने चित्रफीत काढून ठेवते. कुठे शंका आली तर त्यांना दाखवते. व्हिडिओचा खरा उपयोग मला असा झाला, पण काय पाहायचे हे त्यांनी आधी शिकवले होते म्हणून. आपल्या हिशेबाने सांगायचे तर अठरा हजार एकदम तीन महिन्यांत रोजच्या सत्रांवर घालवण्यापेक्षा तेवढीच सत्रे सहा-आठ महिन्यांवर पसरता येतील का, हे त्या जिमला विचारून पाहा. आणि पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ नुसते जाऊन बसा. प्रशिक्षकाची नजर समोरच्या माणसावर आहे की हातातल्या फोनवर, हे अर्ध्या तासात कळते.


गोदाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. काठीचा प्रयोग मी काल रात्री करून पाहिला. यजमानांनी मागून काठी धरली आणि पहिल्या वेळी ती माकडहाडावरून लगेच सुटली. त्यानंतर अठरा हजारांचा विषय घरात कोणी काढलेला नाही. निळीशाई ताई, पहिल्या भेटीत काय विचारायचे ते मी आपल्या मजकुरावरून कागदावर उतरवून घेतले आहे.

एक काळजी राहिली. पाठ पुढे गोल करणे टाळावे असे वाचले आणि मी दचकले, कारण रोजच्या सूर्यनमस्कारांत मी बारा वेळा पुढे वाकून तळवे जमिनीला लावते. ते आता बंद करू का?


फिजिओ_ठाणे :

ताई, घाबरून बंद करू नका. पुढे वाकण्याविषयीचा इशारा प्रामुख्याने अमेरिकेत 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून आला. मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस आधीच झालेल्या 59 स्त्रिया त्यात होत्या. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्के, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्के जणींच्या मणक्यांत पुढे नवे अस्थिभंग दिसले. अभ्यास लहान होता आणि त्या स्त्रियांची हाडे आपल्यापेक्षा बरीच विरळ होती. उणे 1.9 आणि पूर्वी कोणताही अस्थिभंग नाही, या स्थितीत पुढे वाकणेच वर्ज्य आहे असे मी म्हणणार नाही.

हस्तपादासनात मात्र बदल करा. तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा, गुडघे थोडे सैल ठेवा, काठीने शिकलात तसे खुब्यातून वाका आणि हात नडग्यांवर किंवा समोर ठेवलेल्या पाटावर टेकवा. वर येतानाही पाठ लांब ठेवूनच या. हातात वजन घेऊन पाठ गोल करणे आणि अंगाला पीळ देत वाकणे एवढे मात्र पूर्ण टाळा. आईचे खुब्याचे हाड मोडले होते, ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली नसेल तर पुढच्या भेटीत जरूर सांगा, कारण अस्थिभंगाचा धोका मोजताना ती धरली जाते. प्रशिक्षकाकडे पहिल्या दिवशी जाताना डेक्साचा अहवाल बरोबर न्या, आणि त्यांनी तो उघडून वाचला नाही तर त्या दिवशी पैसे भरू नका.